खोली आत्ताच गेली

‘खोली आत्ताच गेली.’

पुण्यात भाड्याच्या जागेसाठी वणवण केलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचे असेल. दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असते. मालक बाहेर येतात, पायापासून डोक्यापर्यंत पाहतात, नाव विचारतात आणि म्हणतात, ‘अहो, तासाभरापूर्वीच गेली बघा.’ पाटी पुढच्या आठवड्यातही तिथेच असते. फोनवर माझे नाव सांगितल्यावर हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आजचा विषय मात्र दूर देशांतून आपल्या पुण्यात शिकायला येणारी मुले इथे कशी रुजतात, हा आहे. श्रोतेहो, त्यांच्या गोष्टीची सुरुवातही बहुतेक वेळा याच वाक्याने होते.

जुलै १९८८. मी तेव्हा एफ.वाय.बी.ए.ला होतो. भवानी पेठेत आमचे घर; खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. अब्बा, म्हणजे माझे वडील, टिंबर मार्केटमध्ये एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कीर्द-खतावणी लिहीत. भर पावसात एका संध्याकाळी दोन उंच तरुण दारात उभे राहिले. एक जण दोन वर्षांपासून पुण्यात होता, त्याला तोडकेमोडके हिंदी येत होते. दुसरा आठवड्यापूर्वीच उतरलेला. सुदानमधल्या ओमदुर्मान शहराचा, कॅम्पातल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळालेला. त्या दिवशी अकरा घरांतून ‘गेली, गेली’ ऐकून ते आमच्या दारी पोहोचले होते. अब्बांनी मोठ्या मनाने खोली दिली, असे मी आजवर अनेकांना सांगत आलो आहे. खरे कारण असे, की ती खोली पावसात तीन ठिकाणी गळायची आणि कुणी पुणेकर ती घ्यायला तयार नव्हता. महिना दोनशे रुपये ठरले. गळतीखाली ठेवायला बादल्याही त्याने आमच्याकडूनच घेतल्या.

भाड्याच्या वहीत लिहायला अब्बांनी नाव विचारले, तर त्याने चार नावे सांगितली. ‘इसमें आडनाव कौनसा?’ अब्बांचा प्रश्न. आता पुण्यात आडनावावाचून माणसाचे पान हलत नाही. सुदानमध्ये आपल्यासारखे आडनाव नसते. आपले नाव, त्यापुढे वडिलांचे, मग आजोबांचे, मग पणजोबांचे. माणूस आपल्या नावाबरोबर तीन पिढ्या घेऊन फिरतो. अब्बांनी चारही नावे वहीत लिहून प्रश्न सोडवला. कॉलेजात तो सुटला नाही. तिथल्या फॉर्मवर ‘आडनाव प्रथम’ अशी सूचना होती. लेखनिकाने शेवटचे नाव उचलून पहिल्या रकान्यात टाकले. परिणाम असा झाला, की वर्गात हजेरी घेताना सर पणजोबांना हाक मारू लागले. पणजोबा ओमदुर्मानच्या कबरस्तानात, आणि पणतू तिसऱ्या बाकावर आपल्या नावाची वाट बघत बसलेला. दिवाळीआधी कमी हजेरीवाल्यांची यादी लागली, तेव्हा त्यात आपले पणजोबा आहेत हे त्याला कळले. मग मी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. माझ्या लेखनाचा कुणाला उपयोग झाल्याचा तो पहिला प्रसंग.

कागदपत्रांची बाजू इथेच सांगून टाकतो. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. त्याला जागा देणाऱ्यानेही चोवीस तासांत तसे कळवायचे असते. आता यातले बरेचसे काम ऑनलाइन होते. तेव्हा पोलिस आयुक्तालयात जाऊन रांगेत उभे राहावे लागे. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला, लाइटबिल घडी करून खिशात ठेवले आणि मलाही बरोबर घेतले. त्यांनी त्याआधी पोलिसांची कचेरी आतून कधी पाहिली नव्हती आणि त्यांना घाम फुटला होता. रांगेत इराणी मुले होती, केनियाची होती, मॉरिशसची होती. मॉरिशसच्या एका मुलीने पुढे उभ्या असलेल्या काकांना चक्क मराठीत वेळ विचारली. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. तिच्या मराठीला एक वेगळा हेल होता. काका तिच्याकडे बघतच राहिले आणि वेळ सांगायची राहून गेली.

आम्हाला वाटले होते, याचे आमच्याकडे दोन दिवसांत जमून जाईल. सलाम एक, नमाज एक, रमजान एक. आणखी काय लागते? पण धर्म एक असला म्हणजे मिरची एक होत नाही, हे पहिल्याच जेवणाला कळले. भाषेचीही तीच गत. आमच्या घरात दखनी. त्याची अरबी. माझ्या दादीची समजूत अशी, की अरबीत जे बोलले जाते ते सगळे पवित्रच असते. वरच्या खोलीतून तो काही गुणगुणू लागला की दादी डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून बसायची. बऱ्याच महिन्यांनी कळले, की ते सुदानमधले प्रेमगीत होते आणि त्यात एका मुलीच्या डोळ्यांचे वर्णन होते. दादीला आम्ही हे शेवटपर्यंत सांगितले नाही.

परदेशी विद्यार्थ्याचा पहिला महिना धावपळीत जातो. प्रवेश, फी, नोंदणी, गादी, स्टोव्ह, चप्पल. कठीण असतो तो दुसरा महिना, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो आणि पुढे इतर मुलांकडे बघून मला ते पटत गेले. धावपळ संपते, संध्याकाळ रिकामी होते आणि घर आठवते. ऑगस्टमध्ये तो जेवेनासा झाला. कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. अंधारात खाटेवर पडून राहायचा. रस्त्यावरची पोरे ‘शोले’तल्या कालियाच्या नावाने हाका मारत मागे लागायची, म्हणून खाली उतरणेही त्याने कमी केले होते. ज्या मुलखाचा कारभार मलिक अंबर या हबशी वजिराने चालवला, ज्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते, त्याच मुलखात आफ्रिकेतला माणूस दिसला की पोरांना फक्त कालिया आठवावा! शाळेत त्यांना मलिक अंबर शिकवत नव्हते असे नाही. त्याचा या समोरून चाललेल्या माणसाशी काही संबंध आहे, हे कुणी सांगितले नव्हते.

त्याला खाटेवरून उठवले ते माझ्या अम्मीने, आणि तेही ठरवून नव्हे. अम्मी बार्शीकडची. गव्हाची चपाती ती आमच्यासाठी करायची, स्वतःसाठी ज्वारीची भाकरी थापायची. एका दुपारी भाकरी तव्यावर असताना तो पाणी भरायला खाली आला आणि दारातच थांबला. वास घेतला. मग पिठाच्या डब्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि अरबीत काहीतरी बोलला. त्याच्याकडे ज्वारीला ‘दुरा’ म्हणतात. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची घावनासारखी पातळ पोळी करतात, ती ‘किसरा’; कालवणाबरोबर रोज तीच खातात. हजारो मैलांवर आलेल्या मुलाला आपले धान्य बार्शीच्या बाईच्या डब्यात सापडले. त्या दिवशी त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी होती, बेताच्या तिखटाची. त्यावर त्याने आम्हाला सांगितले, की अरबीत शेंगदाण्याला ‘फूल सुदानी’ म्हणतात. हे फूल म्हणजे आपले फूल नव्हे. त्यांच्याकडे ‘फूल’ म्हणजे वालासारखा शेंगेतला दाणा. सुदानचा दाणा! अम्मीचा विश्वास बसेना. तिच्या मते शेंगदाणा बार्शीचा.

तेव्हापासून तो तिला ‘खाला’ म्हणू लागला. खाला म्हणजे मावशी. हा शब्द अरबीतही तोच आणि आमच्या दखनीतही तोच.

सगळे शब्द असे सरळ निघाले नाहीत. अम्मी शेजारच्या काकूंशी त्याच्याबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, ‘लय गरीब पोरगं आहे हो.’ मराठीत गरीब म्हणजे निर्धन, आणि शिवाय सौम्य, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलाही. गरीब गाय म्हणतो आपण. काकूंशी मराठीत, दादीशी दखनीत, अम्मीच्या बोलण्यात हा शब्द रोज यायचा. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो खाली आला आणि पायरीवर बसला. मला मध्ये घालून त्याने अम्मीला विचारले, ‘खाला, मी सहा महिने इथे राहतोय, तुमच्या हातचे खातोय. मी अजून गरीबच का?’ आम्ही गोंधळलो. थोडी फोड केल्यावर उलगडा झाला. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, बाहेरचा, अनोळखी. सहा महिने तो रोज ऐकत होता, की या घरातली बाई सगळ्या आळीला सांगते आहे, हा परका आहे, फार परका आहे. आणि ऐकून वर जाऊन गप्प झोपत होता.

अम्मीला समजावून सांगितल्यावर ती रडली. त्यानंतर तिने तो शब्द त्याच्या बाबतीत कधी वापरला नाही. ‘साधा’ म्हणायची.

मी त्या सुमारास नुकताच मराठीत कविता लिहायला लागलो होतो. ‘तुमची भाषा तर उर्दू ना?’ हा प्रश्न मला तेव्हाही विचारला जायचा, आजही कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतेच. त्या संध्याकाळनंतर मी मराठी शब्दांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अब्बांची भाड्याची वही आमचा कोश झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला तो पैसे घेऊन यायचा, अब्बा मोठ्याने वाचत लिहायचे आणि तो मान डोलवायचा. ‘तारीख’ त्याला कळायची. ‘हिशेब’ कळायचा. ‘बाकी’ कळायची, सुदानी लोक तिथे क चा ग करतात म्हणून तो ‘बागी’ म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पावतीवर ‘फक्त’ लिहितात, तो फक्तही अरबीतला. काही शब्द इथे येऊन बदललेले. आपल्याकडे ‘रक्कम’ म्हणजे पैसे, त्याच्याकडे नुसता आकडा. आपली ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. अरबीत ‘तकरार’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणे. एका अर्थी बरोबरच आहे म्हणा; आपल्याकडे तक्रार एकदा करून भागते कुठे? आणि ‘वसूल’? भाडे मिळाल्यावर अब्बा ‘वसूल’ लिहीत. अरबीत ‘वुसूल’ म्हणजे येऊन पोहोचणे. विमानतळावर जिथे प्रवासी उतरतात तिथे हाच शब्द लिहिलेला असतो. मराठीत आलेल्या अशा शब्दांची माहिती हवी असेल त्यांनी माधव जूलियनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश जरूर चाळावा. अरबीतले बहुतेक शब्द फारसीच्या बोटाला धरूनच आपल्याकडे आले. मला मात्र ते पत्र्याच्या खोलीच्या भाड्यातून मिळाले.

त्याच्याकडे एक छोटा ट्रान्झिस्टर होता. रात्री पत्र्यावर एरियलची तार टाकून तो बीबीसीची अरबी सेवा लावायचा. खरखर, शिट्ट्या आणि मधूनच एक गंभीर आवाज. ३० जून १९८९ ला त्या आवाजाने सांगितले, की खार्टूममध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आहे. ओमर अल-बशीर यांची ती राजवट पुढे तीस वर्षे, २०१९ पर्यंत टिकली. आमच्या घराला तिचा अर्थ एवढाच कळला, की ओमदुर्मानहून येणारा ड्राफ्ट बंद झाला. पत्र यायला महिना-महिना लागे. आयएसडी बूथवर तो रात्री उशिरा, दर उतरल्यावर जायचा. मीटरचे लाल आकडे पळायचे आणि पलीकडे कुणी उचलायचे नाही.

जुलैचे भाडे आले नाही. अब्बांनी लिहिले, ‘बाकी’. ऑगस्ट, बाकी. सप्टेंबर, बाकी. ऑक्टोबरात अब्बांचा तोल गेला. दोनशे रुपये आमच्या घरातही मोठे होते. ते अम्मीला काहीतरी लागट बोलले, आवाज चढला, आणि पत्र्याच्या घरात वरचे खाली आणि खालचे वर ऐकू जातेच. दुसऱ्या दिवशी तो मित्रांकडे राहायला गेला. ट्रंक इथेच. दहा दिवस आमच्या घरात कुणी मोकळे बोलले नाही. अकराव्या दिवशी अब्बा कामावरून आले, चहा न घेताच बाहेर पडले आणि दोन तासांनी त्याला बरोबर घेऊन परतले. तिथे काय बोलणे झाले ते दोघांपैकी कुणीच कधी सांगितले नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये एक ड्राफ्ट पोहोचला आणि सात महिन्यांचे चौदाशे रुपये एकदम वहीत आले. ‘वसूल’ लिहिताना अब्बा थांबले, त्याच्याकडे बघितले आणि दोघेही हसले.

१९९१ च्या उन्हाळ्यात बी.कॉम. होऊन तो गेला. काही वर्षे पत्रे येत राहिली, मग थांबली.

पुण्यात अशी घरे होती आणि नव्हतीही. फर्ग्युसन कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ते वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देते आहे, हे त्यांनी पाहिले आणि रागावून चौकशीला गेले. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडून होता आणि ती त्याला जेवण आणून देत होती. या शहरात त्याचे विचारपूस करणारे दुसरे कुणी नव्हते. ते प्राध्यापक म्हणजे शां. ब. मुजुमदार. परदेशी विद्यार्थ्यांना इथे आधार मिळावा म्हणून त्यांनी १९७१ मध्ये संस्था काढली आणि नाव दिले आपल्या विषयातले, सिम्बायोसिस. दोन वेगळे जीव एकमेकांच्या आधाराने जगतात त्याला जीवशास्त्रात हे नाव आहे. आज ती केवढी मोठी झाली ते आपण पाहतोच. मला तिच्या इमारतींपेक्षा ती खिडकी आठवते.

उलटा प्रवासही इथूनच झालेला. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्यांची ओळख होती ती फक्त हिंदू बाई म्हणून. थंडी, शाकाहाराचे हाल, धुराने भरणारी खोली हे सगळे त्यांच्या चरित्रांत आहे. पण त्याआधी त्या उतरल्या होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात या हिंदू दांपत्याबद्दल वाचले आणि न पाहिलेल्या मुलीला पत्र टाकले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा या मावशीकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परक्या मुलखात आनंदीबाईंना मावशी मिळाली, आमच्या सुदानी पोराला खाला. विद्यापीठे पदवी देतात, पण मावशी कुठल्या माहितीपुस्तकात छापलेली नसते.

आता माझ्यावर येतो. २०११ मध्ये कर्ज काढून मी कोंढव्यात एक छोटा फ्लॅट घेतला आणि भाड्याने द्यायचे ठरवले. एजंटाचा फोन आला. ‘दोन पार्टी आहेत. एक फॅमिली आणि एक आफ्रिकन स्टुडंट. स्टुडंट भाडं जास्त देतोय.’ मी म्हणालो, ‘फॅमिलीला दे. फॉरेनर नको. पोलिसांचे कागद, सोसायटीची कटकट… त्याला सांग, गेली म्हणून.’ फोन ठेवला आणि कवितेची प्रुफे तपासायला बसलो. मला काही म्हणजे काही वाटले नाही. अब्बा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. ते २००९ मध्येच गेले. एजंटाने ते वाक्य माझ्या नावापुढे कायमचे लिहून ठेवले असावे, कारण पुढे त्याने मला कधी विचारले नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये भवानी पेठेतल्या जुन्या घरी, जिथे आता माझा धाकटा भाऊ राहतो, एक उंच मुलगा आला. हातात मोबाइलवर जुन्या पत्राच्या पाकिटाचा फोटो. अम्मी पंचाहत्तरीची. तिने चष्मा नीट केला आणि म्हणाली, ‘चाल बापाची आहे.’ कॉम्प्युटर सायन्स शिकायला आला होता. अम्मीने हौसेने भाकरी थापली. त्याला ती अजिबात आवडली नाही; शहरात वाढलेला पोरगा, त्याला गव्हाचा पाव आणि शोरमा हवा. अम्मी खट्टू झाली. पाच जणांबरोबर एका खोलीत राहत होता. कोंढव्यात जागा शोधतोय, पण एजंट म्हणतो मालक फॉरेनर घेत नाहीत, असे तो सांगत होता. एजंटाचा नंबर त्याने दाखवला. नंबर माझ्या मोबाइलमध्ये आधीपासून होता.

नोव्हेंबरमध्ये माझा फ्लॅट रिकामा झाला तो मी त्याला दिला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर चर्चा झाली; गोंगाट, मित्रमंडळी, वास, ‘आपल्याकडच्या मुली’. मी बोललो, पण फार जोरात बोलता आले नाही. अकरा वर्षांपूर्वी हेच मुद्दे माझे होते. शेवटी ठरले की नांदेडचा एक मुलगा त्याच्याबरोबर राहील. त्या नांदेडकराने त्याला जी मराठी शिकवली ती ऐकून पुणेकर दचकतात.

१५ एप्रिल २०२३. रमजानचे शेवटचे दिवस. सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, आणि ते खार्टूम-ओमदुर्मानमध्येच. आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून तिथल्या भारतीयांना पोर्ट सुदानमार्गे बाहेर काढले, ते आपण टीव्हीवर पाहिले. इथे कोंढव्यात एक मुलगा फोन हातात धरून बसला होता. नऊ दिवस घरचा फोन लागला नाही. त्याच्या बापाला निदान पत्र्यावरच्या खरखरीतून आवाज तरी येत होता. १९३८ मध्ये सुरू झालेली बीबीसीची ती अरबी रेडिओसेवा त्याच वर्षी जानेवारीत बंद झाली होती. दहाव्या दिवशी पोर्ट सुदानहून फोन आला. सगळे जिवंत. घर मागे राहिले, बँक बंद. काही महिन्यांनी ते कैरोला गेले.

परदेशी विद्यार्थ्याच्या आयुष्यातली ही बाजू आपल्या लक्षात येत नाही. आपली मुले ब्रिटनला जातात, तिथे सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास काम करता येते. हॉटेलात भांडी घासून का होईना, भाडे निघते. भारतात विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. फी भारतीय मुलांपेक्षा जास्त. घरून पैसे थांबले की रस्ता उरत नाही. त्यात पासपोर्ट. त्याची मुदत संपत आली की व्हिसाची मुदत वाढणे अडते. नवा पासपोर्ट ज्या देशाने द्यायचा तिथली कार्यालयेच एका शहरातून दुसऱ्या शहरात हललेली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांच्या पोटात असाच गोळा आला होता. कोविडमुळे घरी गेलेल्या कित्येकांचे जुने व्हिसा रद्द झाले आणि ते तिकडेच अडकले. वर्गात त्यांची नावे पुकारली जात राहिली.

आमच्या मुलाची पदवी २०२५ मध्ये झाली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. नव्या पासपोर्टसाठी दिल्लीच्या त्याच्या दोन खेपा झाल्या, तो अजून हातात यायचा आहे. तिसऱ्या खेपेला नांदेडकर बरोबर जाणार आहे.

अब्बांची वही मी शोधून काढली. मागची काही पाने कोरी होती, तिथे त्याचे भाडे लिहितो. काही महिने वसूल, बरेच महिने बाकी. गेल्या आठवड्यात तो आला तेव्हा वही उघडी होती. वाकून बघितली आणि बोट ठेवून म्हणाला, ‘चाचा, तकरार.’

मी म्हणालो, ‘कसली तक्रार? मी कधी मागितलेत का पैसे?’

तो हसायला लागला. मी ऑगस्ट दोनदा लिहिला होता.